गावकीचं ड्रोन

गेल्या आषाढात रंगूची सून जिजा साप चावून गेली. सापाची लस जव्हारला, जिजा इथं गावात, वांगणीत, आणि मधल्या ओढ्याला पूर. तेव्हापासून उपकेंद्राच्या नर्स उज्ज्वलानं ध्यासच घेतला. परदेशातल्या एका संस्थेच्या मागे लागून तिनं लस वाहून आणणारं ड्रोन कबूल करून घेतलं. पण एवढ्या लांब उडणारं यंत्र शत्रुराष्ट्रांच्या हाती पडू नये, म्हणून तिकडच्या सरकारचा परवाना लागत होता. त्याचा फॉर्म निवृत्त शिक्षक तुळशीदास गुरुजींनी भरला. गावात इंग्रजी येणारं दुसरं होतं कोण?

त्यात एक प्रश्न होता : हे यंत्र तुमच्याखेरीज आणखी कोणाच्या हाती जाईल का?

गुरुजींच्या डोळ्यांपुढे गावकीची भांडी आली. लग्नकार्याची मोठी पातेली गोजाबाईच्या पडवीत असतात, पण ती गावाची. मागायला येणाऱ्याला नावगाव विचारायची रीत नाही. गुरुजींनी सरळ मनानं लिहिलं, 'हो. जो मागेल त्याला देऊ.'

महिन्याभरानं उत्तर आलं. अर्ज रोखला होता. पंधरा दिवसांत खुलासा मागितला होता.

"मंग काय लिहायचं होतं?" गोजाबाई म्हणाली. "मागाया आला त्याला हाकलून देऊ?"

"तसंच लिहायचं होतं, गोजाबाई."

"खरं बोला म्हणून आमच्या पोरांना छड्या मारल्या तुम्ही. आता तुम्हाला खोटं कोण शिकवणार?" ती खो खो हसली.

उज्ज्वला हसली नाही. "गुरुजी, लिहा. कोणालाही देणार नाही म्हणून. सही मी करते."

गुरुजींनी तीन कागद फाडले. आपल्याला हे जमायचं नाही, असं त्यांना वाटत होतं. चौथ्या कागदावर त्यांनी आयुष्यातलं पहिलं लेखी खोटं लिहिलं, तेही व्याकरणशुद्ध.

नवव्या दिवशी उज्ज्वलानं जव्हारहून उत्तर छापून आणलं. गोजाबाईच्या पडवीत बसून गुरुजींनी ते दोनदा वाचलं. पहिल्या आणि दुसऱ्या जबाबाचा मेळ बसत नव्हता. अशा माणसांवर भरवसा ठेवता येत नव्हता. परवाना नाकारला होता, आणि त्यावर दाद मागायची सोय नव्हती.

"म्हणजे खरं लिहिलं तेही नडलं आणि खोटं लिहिलं तेही," उज्ज्वला म्हणाली.

"मी लिहिलं म्हणून नडलं, बाई. दुसऱ्या कोणाला सांगायला हवं होतं."

"दुसरं होतं कोण?" तिनं ओढ्याच्या दिशेनं पाहिलं. मग म्हणाली, "आषाढाला किती दिवस राहिले?"

"तेवीस." त्यांनी आधीच मोजून ठेवले होते.

तेवढ्यात ओढ्यापलीकडून दोघे जण पातेलं मागायला आले. त्यांच्याकडे हळद होती. गुरुजींनी त्यांना पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. गोजाबाईनं भिंतीशी उपडं घातलेलं मोठं पातेलं सरकवलं.

"गुरुजी, एक कडी धरा. जड आहे."

गुरुजींनी परदेशचा कागद घडी करून खिशात घातला आणि कडी धरली. पातेलं त्यांनी ओढ्यापर्यंत पोचवून दिलं. ओढा कोरडा ठणठणीत होता. दोघे सहज पलीकडे गेले. तुम्ही कोण, कुठले, हे गुरुजींनी विचारलं नाही.