पाटे काढल्यावर

आमच्या घरात गाडी उडवते ती सोराइदाताई, आणि उडून खाली आपटलेली गाडी पुन्हा जोडते ती मी. आमच्या त्रिनिदादच्या वाळवंटी खोऱ्यात हे शेळ्यांनासुद्धा ठाऊक आहे. गेल्या वर्षीच्या वाळवंटातल्या शर्यतीत, कोरड्या तळ्याच्या अलीकडे वाळूचे उंचवटे एकामागे एक लागतात ना, तिथे तिची पिकअप मागून अशी उधळली की शेपटी आभाळात आणि नाक वाळूत! कोलांट्या खाऊन गाडी थांबली. ताई बरगड्या धरून बाहेर आली, आणि तीही हसत.

"दुलिये, गाढवीण बांधलीस तू! मागून लाथा झाडते!"

खरं तर दोष होता मागच्या चाकांना धरणाऱ्या पाट्यांचा, म्हणजे पट्टीच्या स्प्रिंगांचा. लोखंडी पाट्यांचे ते जाड जुडगे कडब्याच्या पेंढ्या वाहायला उत्तम. पण उंचवट्यांच्या रांगेत एक धक्का पचायच्या आत दुसरा बसतो, दुसऱ्यावर तिसरा, आणि मग पाटे सगळा राग एकदम बाहेर काढतात. ताईच्या बरगड्या जुळेपर्यंत मी रोज त्या पाट्यांकडे बघत राहिले. एक दिवस ग्राइंडर उचलला आणि त्यांचे हूक कापूनच टाकले.

ठिणग्या बघून नाबोरमामा धावत आला. गॅरेज त्याचं, आम्हा दोघींना वेल्डिंग शिकवलं तेही त्यानंच.

"अगं बये, पाटे काढलेस तर चाकं धरणार कोण? तुझी मामी?"

मामी स्वयंपाकघराच्या खिडकीतून म्हणाली, "मी तुम्हालाच धरून धरून दमले. चाकं तुमची तुम्ही बघा."

"चार दांडे धरतील मामा," मी म्हटलं. "दोन लांब खालून, दोन वरून तिरपे. खालचे चाकांना पुढेमागे सरकू देणार नाहीत, वरचे डावीउजवीकडे. चाकांना मोकळीक फक्त वर आणि खाली. आणि वजन पेलायला हे." मी कमरेइतके उंच शॉकअप दाखवले, अंगाभोवती स्प्रिंग गुंडाळलेले.

मामानं ते उचलून पाहिले. "दिसायला छान आहेत," तो म्हणाला. म्हणजे पटलेलं नव्हतं.

मग जे काही सुरू झालं! जमिनीवर खडूनं रेघा, रेघांवर पाइप, पाइपाला तिरका काप, वेल्डिंगचा टाका मारायचा, नजरेनं जोखायचं, टाका तोडायचा, परत मारायचा. स्प्रिंग न लावता मागची चाकं जोडणारा अ‍ॅक्सल जॅकवर चढवायचा आणि उतरवायचा, कुठे काही घासतंय का बघायचं. पेट्रोलची टाकी आड आली, तिला पुढे ढकललं. मागच्या हौद्याच्या तळाला भगदाड पाडलं, तेव्हा कुठे शॉकअपना डोकं वर काढायला जागा मिळाली. मामी सुकं मांस गुंडाळलेल्या पोळ्या, बुरितो, आणून द्यायची, मी त्या एका हातानं खायची आणि दुसऱ्या हातात माप. झोपेतही मला चाकं वर जाताना दिसायची.

पहिल्या चाचणीला आम्ही गावाबाहेरच्या ओढ्याच्या वाळूत गेलो. ताईनं हेल्मेट चढवलं, क्लच सोडला, आणि गाडीनं मागची बाजू अशी वर उचलली जशी ठेच लागलेली म्हैस! ठक-ठक-ठक-ठक! चाकं वाळूवर नाचत होती, पकडच घेत नव्हती.

ताई खाली उतरली. "गाढवीण बरी होती गं. ही तर कोंबडी आहे!"

मी गाडीखाली शिरले, सगळं चाचपलं. ढिलं काही नव्हतं, तुटलं काही नव्हतं. उभ्या गाडीत दोष दिसतच नव्हता.

"धावताना बघायला हवं," मी म्हटलं.

"धावताना? कुठून?"

मी हौद्यातल्या भगदाडाकडे बोट दाखवलं.

"वेड लागलंय तुला!" मामा ओरडला. पण तोवर ताईनं जुन्या सीटचे पट्टे आणले होते. मला तिनं हौद्यात पालथी पाडली आणि गाठोड्यासारखी आवळून बांधली. मामानं प्रत्येक पट्टा पुन्हा एकदा ओढून पाहिला. हेल्मेट, चष्मा, तोंडाला फडकं. माझं नाक भगदाडाच्या काठावर आणि खाली अ‍ॅक्सल.

"मेलीस तर मला सांगू नकोस," ताई म्हणाली आणि गाडी सोडली.

वाळू तोंडात, वाळू कानात, दात कडकडतायत, आणि मी मात्र डोळे फाडून बघतेय! ताईनं जोर दिला की वरचे दांडे अ‍ॅक्सलला ओढत, खालचे ढकलत, आणि दोघांची ती झटापट गाडीचं ढुंगण वर फेकत होती. दांडे पुढे जाता जाता फार लवकर एकमेकांकडे झुकत होते. मला ते दिसलं! अगदी हातावरच्या रेषेसारखं दिसलं. मी बुटानं पत्रा बडवायला लागले.

ताईनं करकचून ब्रेक मारला. "काय मोडलं? हात? पाय?"

"वरच्या दांड्यांची पुढची टोकं!" मी वाळू थुंकत ओरडले. "चार बोटं वर घ्यायची! मग दोन्ही जोड्या जवळजवळ समांतर चालतील! सोड मला, सोड लवकर!"

मामानं माझ्याकडे पाहिलं, गाडीखाली पाहिलं, बोटांनी हवेत दोन रेघा ओढल्या. मग एकदम टोपी जमिनीवर आपटली. "चार नको, तीन बोटं. चल, मीच कापतो!"

त्याच दुपारी दांडे अडकवायचे नवे कान जोडले, दांडे बसवले, परत ओढ्यात. ताई निघाली. तिसरा गिअर, चौथा. उंचवटे आले. खाली चाकं शिवणाच्या मशीनच्या सुईसारखी वरखाली, वरखाली, आणि वर हौदा असा स्थिर की कॉफीचा पेला ठेवावा! मामा वाळूत पळत सुटला, पासष्टीचा माणूस, गाडीच्या मागे, दोन्ही हात वर करून, "बघ गं! बघ तिला! तरंगतेय!"

शर्यतीला मी कोरड्या तळ्याशी जाऊन उभी राहिले. आधी धूळ दिसली, मग इंजिनाचा आवाज आला. पुढे दोन गाड्या उंचवट्यांवर वेग तोडून डुचमळत होत्या. ताईनं वेग तोडलाच नाही. ती त्यांच्या बाजूनं अशी गेली की जणू तिच्यापुरता रस्ता कुणी इस्त्री केला होता. माझ्या घशातून कसला आवाज निघाला देव जाणे. शेजारचा माणूस दचकून बाजूला झाला.

पुढे डोंगरात पंक्चर झालं, त्यात वेळ गेला. आमच्या गटात ती तिसरी आली. खोऱ्यातल्या कुठल्याच गाडीनं याआधी शेवटची रेघ ओलांडली नव्हती, म्हणून चर्चचा घंटावाला घंटा बडवतच सुटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात ट्रेलर थांबला. त्यावर पिवळी पिकअप. उतरला तो मेहिकाली शहराचा रोसेंदो, उंचवट्यांवर ताईनं मागे टाकलेल्या दोघांपैकी एक. त्यानं टोपी काढली आणि म्हणाला, "कॉफी नको, काही नको. फक्त तुमच्या गाडीखाली झोपून बघू द्या."

"खबरदार, दुलिये!" ताई वरच्या मजल्यावरून किंचाळली. "त्याला काही दाखवलंस तर बघ! पुढच्या वर्षी मला त्यालाच हरवायचंय!"

पण मी त्याआधीच त्याच्या गाडीखाली सरपटत शिरले होते. मागे जाडजूड पाटे. चासी, खालचा सांगाडा, मात्र माझ्या गाडीपेक्षा लांब.

"ताई," मी आतून ओरडले, "इथे दांडे अजून हातभर लांब बसतील गं! चाकं आणखी सरळ वरखाली होतील!"

जिन्यावरून धाडधाड पावलं वाजली. "सरक तिकडे," ताई माझ्या शेजारी शिरत म्हणाली. "कुठे? दाखव!"