खुब्यातली टक्

तीस वर्षं मी गावातली बाळं न्हाऊ घातली. तासगावच्या आमच्या पट्ट्यात अंबूबाईच्या हातची पोरं सरळ पायाची, असं लोक म्हणायचे आणि मला ते ऐकायला फार आवडायचं. बाळ पायांवर आडवं घ्यायचं, तेल चोळायचं, दोन्ही पाय धरून खाली ताणायचे आणि न्हाणं झालं की बाळोत्यात घोट्यापर्यंत आवळून टाकायचं. सहा महिने कुणी बाळ कडेवर घेतलेलं मला खपायचं नाही. ‘पोर फेंगडी करायचीय व्हय?’ असं म्हणून मी भल्याभल्या सासवांना गप्प केलंय.

दुष्काळानंतरच्या वर्षी माझ्याच लेकीला, अंजनाला, मुलगी झाली. बाळंतपण माझ्याच घरी. चौथ्या दिवशी पाय ताणताना पोरीच्या डाव्या खुब्यात टक् झालं. कानाला नाही, हाताला कळलं. मी थांबले. मग म्हटलं, सांध्यात वारं असेल. कुणाला बोलले नाही. तेल जास्त घातलं, पाय जास्त ताणले, बाळोतं आणखी आवळलं. महिन्याभरात टक् बंद झाली आणि मला वाटलं, माझ्या हाताला गुण आला.

पाचव्या महिन्यात अंजना म्हणाली, “आई, हिची डावी मांडी उघडतच न्हाई गं. लंगोट बांधताना बघ.”

“तुला बांधता येत न्हाई नीट,” मी खेकसले. पण मग मी दोन्ही पाय जोडून बघितले. डावा पाय बोटभर आखूड दिसत होता आणि त्या मांडीला एक वळी जास्त होती.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.नं आम्ही मिरजेला निघालो. जावई पलटणीत, तिकडं कुठं सीमेवर. सांगली येईपर्यंत अंजनानं चारदा विचारलं, “पोर पांगळी तर न्हाई ना ऱ्हायची?” चारही वेळा मी खिडकीबाहेर बघत राहिले. मला भीती वाटत होती, आणि ती नुसती पोरीच्या पायाची नव्हती.

डॉक्टरांनी एक्स-रेचा फोटो उजेडाला धरला. मग एका हाताची मूठ दुसऱ्या हाताच्या खोलगट तळव्यात ठेवून दाखवली. “खुबा असा असतो. मांडीच्या हाडाचा गोळा कमरेच्या वाटीत बसतो. तान्ह्या बाळाची वाटी उथळ. मांड्या फाकलेल्या राहिल्या की गोळा आत बसतो आणि वाटी खोल होत जाते. हिचा गोळा जन्मतःच सैल असणार, त्यात पाय सरळ करून आवळले की तो बाहेर सरकतो.” त्यांनी मूठ तळव्याबाहेर काढली. “पहिल्या दिवसांत खुब्यात टक् असं काही लागायचं का हाताला? अंघोळ कोण घालायचं?”

“आईच,” अंजना म्हणाली. “तीस वरसं करतीया. काय असतं तर तिला कळलंच असतं.”

डॉक्टर माझ्याकडं बघायला लागले. मी दोन्ही हात पदराखाली घेतले.

“न्हाई,” मी म्हणाले. “काय न्हवतं.”

“तेव्हा कळलं असतं, तर बहुधा मांड्यांमध्ये कापडाच्या जाड घड्या ठेवूनही भागलं असतं,” ते म्हणाले. “आता भूल देऊन गोळा वाटीत बसवावा लागेल. तो तिथं टिकला तर चालेल ती. पण आज खात्री देता येत नाही.”

दोन्ही मांड्या फाकलेल्या, कमरेपासून घोट्यापर्यंत प्लास्टर, अशी पोर घेऊन आम्ही परत आलो. मी तिला मांडीवर घेऊन बसायची आणि प्लास्टरच्या आत गोळा जागेवर असेल का, एवढाच विचार डोक्यात फिरायचा. शेजारणी बघायला यायच्या, हळहळायच्या.

एके दिवशी पाठच्या गल्लीतली शालूबाई आली. तेवीस वर्षांची, पहिलं पाऊल टाकलं तेव्हापासून लंगडणारी. चार स्थळं आली आणि तिला चालताना बघून परत गेली. ती लचकत आत आली, टेकली आणि पोरीच्या प्लास्टरवर हात ठेवून तिनं विचारलं, “कशानं झालं गं?”

अंजनानं डॉक्टरांची मूठ, तळवा, ती टक्, सगळं तिला करून दाखवलं. शालूबाईनं आपली मूठ आपल्याच तळव्यात ठेवून बघितली.

“अंबूमावशी,” ती म्हणाली, “मलाबी तुमीच न्हाऊ घातलंय न्हवं? माझ्या खुब्यात व्हायचं का असं?”

“आवं, आईला कसं आठवंल एवढ्या वरसांनी?” अंजना हसून म्हणाली.

मला आठवत होतं. तिच्या आईनं विचारलंही होतं, आणि मी म्हटलं होतं, वारं असंल.

“आठवतंय,” मी म्हणाले. “तुझा उजवा खुबा. आणि हिचा डावा.”

अंजनाचं हसू तसंच तोंडावर राहिलं. मग ती उठली. माझ्या मांडीवरून तिनं पोर उचलली, प्लास्टरसकट कडेवर घेतली आणि शालूबाईच्या शेजारी जाऊन बसली.