टाकीचं पाणी

दर गुरुवारी चारच्या सुमारास श्यामसुंदर लिमये बिबवेवाडीतल्या हुसेनभाईच्या गॅरेजात यायचे, बाहेरच्या बाकावर बसायचे आणि तासाभराने उठून जायचे. त्यांना कुणी बोलावलेलं नसायचं, कुणी पाणीही विचारायचं नाही. हुसेनभाई दुसऱ्याच कुठल्या गाडीत डोकं घालून उभा राही. लिमयांची स्वतःची जुनी फियाट कोपऱ्यात ताडपत्रीखाली, टाकीविना, पडून होती.

हमीदा हे पडद्याआडून ऐकायची. गॅरेज आणि घर यांच्यामध्ये एक जाड हिरवा पडदा होता आणि तिचा नवरा, हुसेनभाईचा मुलगा चांद, गेल्यापासून ती त्याच्या आतच होती. इद्दतचे चार महिने दहा दिवस विधवेने परक्या पुरुषासमोर यायचं नसतं. त्यातले तीन महिने सरले होते.

"आला बघ," तिची सासू अमिनाबी तांदूळ निवडता निवडता म्हणायची. "माझ्या पोराला खाऊन अजून पोट नाही भरलं याचं. घाई झाली होती ना, घाई? आता बस निवांत."

हमीदा मांडीवरच्या लेकीच्या, सकीनाच्या, केसांतून बोटं फिरवत राहायची. सकीनाला आता दोन दात आले होते, ती पडद्याची कड धरून उभी राहायला शिकत होती, आणि हे सगळं बघायला ज्याने हातातलं काम टाकून धावत यायचं तो माणूस नव्हता.

चांदचं काम म्हणजे जुन्या गाड्यांच्या टाकीतली जाळी. टाकीच्या तळाशी जी नळी पेट्रोल ओढून घेते, तिच्या तोंडाशी बारीक जाळी असते. पेट्रोलमध्ये इथेनॉल आल्यापासून जुन्या टाक्यांच्या पोटातला वर्षानुवर्षांचा गंज सुटायला लागला, आणि त्या पितळी जाळ्या तुंबून गाड्या भर चौकात बसायला लागल्या. चांद जुनी नळी काढून रुंद नळी बसवायचा आणि तिला नव्या गाड्यांची नायलॉनची जाळी लावायचा. आताच्या गाड्यांत हे दोन स्क्रू काढले की होतं. जुन्यांत नळी टाकीच्या पत्र्यालाच डाख देऊन बसवलेली असते, ती आगीनेच सुटते आणि आगीनेच बसते. हुसेनभाईचा बाप गल्लोगल्ली भांड्यांना कल्हई करत हिंडलेला. डाख देणारा हात त्या घरात पिढीजात होता.

आणि एक नियमही होता. टाकीला डाखाची बत्ती लावायच्या आदल्या संध्याकाळी ती वरचं बोटभर सोडून पाण्याने भरायची, रात्रभर तशीच ठेवायची, आणि पाण्यासकटच डाख द्यायचा. "रिकाम्या टाकीतला वास पेट्रोलपेक्षा वाईट," हुसेनभाई सांगायचा. "पेट्रोल निदान दिसतं तरी." त्यासाठी मागच्या अंगणात एक निळा ड्रम होता. टाकीचं पाणी. घरात पाहुणे आले, नळ कोरडा पडला, तरी त्या पाण्याला कुणी हात लावत नसे.

मे महिन्यात नळाला एक दिवसाआड पाणी येत होतं. त्यातच कुठे तरी पाइप फुटला आणि तीन दिवस थेंब आला नाही. नेमकं तेव्हाच सकीनाला जुलाब लागले. सात महिन्यांचं पोर, तासातासाला दुपटी आणि लंगोट. हमीदाने ड्रममधून एक बादली काढली. उद्या पाणी येईल, आल्या आल्या भरून टाकू. मग दुसरी काढली. उद्या गेलं, परवा गेलं, आणि तळ दिसायला लागला तेव्हा सांगायची तिची हिंमत झाली नाही.

मंगळवारी रात्री, गॅरेज बंद होता होता, लिमये गाडी घेऊन आले होते. खडकीच्या कारखान्यातले निवृत्त कारकून, तीस वर्षांचं गिऱ्हाईक.

"चांद, गुरुवारी मंदाकिनीच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. बुधवारी संध्याकाळपर्यंत गाडी होईल?"

"एक दिवस रिक्षाने जा की, साहेब."

"रिक्षावाला कुठेही म्हटलं तरी 'नाही' म्हणतो. 'नाही' ऐकायला घरी मंदाकिनी आहे, त्यासाठी मीटर कशाला टाकायचा?"

चांद हसला होता, आणि हो म्हणाला होता.

बुधवारी दुपारी टाकी उतरवून झाल्यावर त्याने ड्रमचं झाकण उचललं. तळाला तांब्याभर पाणी होतं. त्याने वर पाहिलं. दोरीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत लंगोट वाळत होते. हमीदा दारात उभी होती, सकीना तिच्या खांद्यावर. तो ओरडेल म्हणून ती थांबली होती. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने झाकण आवाज न करता परत ठेवलं, कारण पोरीचा नुकताच डोळा लागला होता. तिच्याकडे बघून हाताने 'असू दे' अशी खूण केली आणि बाहेर गेला. तांब्याभर साबणाचं पाणी टाकीत खळबळवलं, तासभर पंपाने हवा मारली. हुसेनभाई पार्ट आणायला खडकीला गेला होता. मग बत्ती पेटली.

चांद तिसऱ्या दिवशी गेला. दुसऱ्या दिवशी इस्पितळात तो शुद्धीवर आला होता तेव्हा त्याने एवढंच विचारलं, "जुलाब थांबले का तिचे?"

स्फोटानंतरच्या आगीत निळा ड्रम वितळून त्याचा गोळा झाला होता, आणि बंबाच्या पाण्याने सगळं अंगण चिंब होतं. त्यामुळे कुणाला काही कळायला मार्ग नव्हता. हुसेनभाईने स्वतःशी ठरवून टाकलं: टाकी भरलेली असणारच. माझा पोरगा पाण्याशिवाय बत्ती पेटवणार नाही. त्या लिमयाने घाई केली, रात्रभर ठेवायला वेळ दिला नाही. तो हे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे. लिमयांनाही कुणीतरी सांगितलं. तेव्हापासून ते गुरुवारी येऊन बसायला लागले.

खरं सांगितलं तर काय होईल, हे हमीदाला पक्कं ठाऊक होतं. अमिनाबी तिला उंबऱ्याच्या आत ठेवणार नव्हती, आणि पोरगी चांदची म्हणून या घरातून हलू देणार नव्हती. म्हणून ती गप्प होती.

त्या गुरुवारी अमिनाबी गव्हाचा डबा घेऊन गिरणीत गेली होती. बाहेर लिमये पहिल्यांदाच आपणहून बोलले.

"हुसेनभाई, गाडी भंगारात देतोय. माणूस येईल उद्या."

"द्या."

"ऑपरेशन केलंच नाही मंदाकिनीने. म्हणते, माझ्या डोळ्यापायी त्या पोराचा जीव गेला, आता मला काही बघायचं नाही. एक डोळा गेल्यातच जमा आहे. डॉक्टर म्हणतात, दुसराही राहणार नाही. हे तुम्हाला ऐकवायला आलो नव्हतो. निघालं तोंडातून."

हुसेनभाईने पाना पुसला, परत पुसला.

हमीदाने सकीनाला जमिनीवर ठेवलं आणि ती पडद्याजवळ आली.

"अब्बा."

"आत जा."

"पाणी नव्हतं, अब्बा."

हुसेनभाई पडद्याकडे वळला.

"कसलं पाणी?"

"टाकीचं. ड्रममधलं मी संपवलं होतं. सकीनाचे लंगोट धुतले, तीन दिवस. त्यांनी झाकण काढून पाहिलं होतं. मला काही बोलले नाहीत."

"भरली नव्हती टाकी?"

"नाही."

"आणि त्याला ते माहीत होतं."

"हो."

"आणि त्याने बत्ती पेटवली."

पडद्याच्या फटीतून हमीदाला दिसलं, हुसेनभाई बाकाशी आला आणि लिमयांच्या शेजारी बसला. तीन महिन्यांत पहिल्यांदा.

"हुसेनभाई," लिमये म्हणाले, "पोरीला बोल लावू नका. घाई मीच केली होती."

"साहेब, आपण घरी जा. वहिनींना सांगा, डोळा करून घ्या. हुसेनने सांगितलंय म्हणावं. आणि आता येत जाऊ नका."

"रागावलात?"

"आता तुमच्यावर रागावता येणार नाही. म्हणून येऊ नका."

लिमये उठले. पडद्याकडे बघून त्यांनी हात जोडले की नुसताच सदरा सारखा केला, ते तिला नीट कळलं नाही. ताडपत्रीला हातही न लावता ते निघून गेले.

मग हुसेनभाईचा आवाज आला, पडद्याच्या अगदी जवळून.

"अमिनाबीला सांगायचं नाही."

"अम्मी लिमयेसाहेबांना रोज शिव्या देतात, अब्बा."

"देऊ दे. त्यांच्या घरापर्यंत पोचत नाहीत. तुला दिल्या तर तू कुठे जाशील? इद्दत संपली की तुझा भाऊ येईल खडकीहून. पोरीला घेऊन जा त्याच्याबरोबर. अमिनाबीची समजूत मी काढेन."

सकीना मिळाली होती. हमीदाला एवढंच तर हवं होतं. तरी तिने विचारलं, "मी इथेच राहिले तर?"

"मी सगळ्यांना सांगत हिंडलो, हमीदा. माझा पोरगा पाण्याशिवाय बत्ती पेटवणार नाही म्हणून." एवढी वर्षं तो तिला बेटी म्हणायचा. "तू समोर असलीस की मला ते रोज खोटं वाटेल. जा तू."

अमिनाबी पीठ घेऊन आली ती दम खात. डबा खाली ठेवून तिने आधी नातीला उचललं.

"गेला का तो म्हातारा?"

"गेला," हुसेनभाई म्हणाला.

"पुढच्या गुरुवारी येईल परत. वळवळता किडा लागो त्याच्या..."

"येणार नाही. गाडी विकली त्याने."

"विकेलच. काम झालं ना त्याचं." अमिनाबीने सकीनाची पापी घेतली, मग सुनेकडे बघून तिचा आवाज एकदम उतरला. "किती वाळलीस गं. अंगावर पाजतेस, आणि सगळ्यांचं झाल्यावर जेवतेस. आजपासून पहिली भाकरी तुझी. ही पोर आणि तू, दोघी आहात म्हणून घरात यावंसं वाटतं मला."

रात्री तिने तव्यावरची गरम भाकरी हमीदाच्या ताटात टाकली आणि वर तुपाचं बोट फिरवलं. हुसेनभाई भूक नाही म्हणून बाहेर जाऊन बसला. अमिनाबी समोर मांडी घालून, सून खाते की नाही ते बघत राहिली, आणि हमीदा एकेक घास मोडून, चावून, गिळत राहिली.