अमोसची हाळी

त्या वसंतात कॉलेजच्या मैदानावर लाल जर्सी दोन होत्या आणि जागा एकच.

अमेरिकन फुटबॉलमध्ये लाल जर्सीवाल्याला सरावात कुणी आडवं पाडायचं नाही, अशी रीत. तो क्वार्टरबॅक. चेंडू त्याच्या हातात येणार, कुणी कुठे पळायचं ते तोच सांगणार, म्हणून त्याला हळद लागलेल्या नवरदेवासारखं जपायचं. आता एकाच मांडवात दोन नवरदेव उभे राहिल्यावर अलाबामातल्या त्या एवढ्याशा गावाला दुसरा विषय कशाला हवा?

पहिला अमोस ट्रॅव्हिक. वय एकवीस, शांत, देवभीरू. तीन वर्षं त्याने बाकावर बसून वाट पाहिली होती. पुढचा मुलगा पदवी घेऊन गेला, तेव्हा न्हाव्यापासून चर्चच्या स्वयंपाकघरातल्या बायकांपर्यंत सगळ्यांनी अमोसला परस्पर पहिला नेमून टाकलं. आणि जानेवारीत जॉर्जियाहून कोल्बी रेनफ्रो आला. अठरा वर्षांचा. हात असा, की त्याने फेकलेला चेंडू खाली यायचं विसरायचा. वर पोरगा इतका गोड, की राग धरायचीही सोय नाही.

“सर, तुमचा टॉवेल राहिला बाकावर,” तो अमोसला म्हणायचा.

“अरे, सर काय? तीनच वर्षांनी मोठा आहे मी.”

“हो, सर.”

पंधरा दिवसांचा सराव. पंधराव्या दिवशी आपापसातला सामना, आणि मग कोच पहिल्याचं नाव सांगणार. दुसरा आलो तर दुसरं कॉलेज धरायचं, असं अमोसने मनाशी पक्कं केलं होतं. हे त्याने एकट्या बिस्किटला सांगितलं. बिस्किट म्हणजे दोन पायांतून चेंडू मागे अमोसच्या हातात देणारा तीनशे पौंडांचा गडी. त्याच्या पोटात काहीही मावायचं, गुपित सोडून. संध्याकाळपर्यंत जेवणघरातल्या वाढपिणीनेसुद्धा अमोसला विचारलं, “जातोस म्हणे?”

नवव्या दिवसापर्यंत तर जाण्याचीच लक्षणं दिसायला लागली. चेंडू कधी हलवायचा ते आपल्या गड्यांना कळावं म्हणून अमोस हाळी द्यायचा, चेंडू हातात यायचा, आणि डोळे वर करेपर्यंत समोरची अख्खी बचावफळी त्याच्या नाकाशी येऊन उभी. लाल जर्सी नसती तर पोराची चटणीच झाली असती. कोल्बीच्या वेळी मात्र तीच फळी अर्धा क्षण उशिरा हलायची, आणि तेवढ्यात याचा चेंडू पार पलीकडे.

“ट्रॅव्हिक!” कोच मॅकलेमोर ओरडले. “तुझे हात चहा पिऊन उठतात की काय?”

“नाही, कोच.”

“मग ते सगळे तुझ्या आधी कसे पोचतात?”

अमोसला तरी कुठे माहीत होतं! त्या रात्री तो वसतिगृहाच्या गच्चीवर दोनशे वेळा चेंडू धरत राहिला. काही फरक पडला नाही.

रविवारी तो नेहमीप्रमाणे आजोबांच्या चर्चमध्ये तिसऱ्या रांगेत बसला. रेव्हरंड ओबादाया ट्रॅव्हिक यांचं प्रवचन बोलण्यातून सुरू व्हायचं आणि गाण्यात पोचायचं. ते नेमकं कुठे गाणं झालं, हे चाळीस वर्षांत कुणाला सांगता आलं नव्हतं. त्या दिवशी विषय होता पलीकडचा काठ. आजोबांचा आवाज हळूहळू तापला, ऑर्गन त्यांच्या मागून एकेक शब्द उचलू लागला, शब्द आखूड झाले, श्वास ऐकू यायला लागला. आणि मग त्यांनी सूर वर नेला, पार वर. ‘आमेन’ त्यांच्या ओठांवर यायच्या क्षणभर आधीच अख्खी रांग उठून उभी राहिली.

अमोस बसूनच राहिला. कारण त्याच्या शेजारी सर्वांत आधी उठला होता जेरिको पेटवे. बचावफळीचा म्होरक्या.

चर्चनंतर तळलेली कोंबडी खाताना अमोसने त्याला गाठलं. “जेरिको, खरं सांग. मैदानावर मी हाळी देतो ना, ती कशी लागते रे कानाला?”

जेरिको हसून हसून टेबलावर पडला. “म्हणजे तुला माहीतच नाही? अरे, तू आजोबांच्या चालीवर म्हणतोस! आम्ही समजलो, वंशपरंपरेचा अभिमान आहे तुला. आमच्या फळीतली अकरापैकी आठ पोरं असल्याच चर्चमध्ये वाढलीयेत. तू सूर वर नेलास की आता चेंडू हलणार हे कळतं, आणि आमचे गुडघे आपोआप उठतात. आम्ही काय करणार?”

“आणि कोल्बी?”

“तो किराणा मालाची यादी वाचतो. त्याच्या घरची माणसं प्रार्थनासुद्धा बसून करतात. त्याला कोण काय ओळखणार!”

कोल्बीसारखी यादी वाचायला अमोसने दोन दिवस जिवापाड प्रयत्न केला. जमलं नाही. तिसऱ्या शब्दाला सूर चढायचाच. शेवटी तो आजोबांकडे गेला.

“आजोबा, माझ्या हाळीतून तुमचं गाणं जात नाही.”

“जायला कशाला हवं?” आजोबा ओसरीवर शेंगा सोलत म्हणाले. “वर नेल्यावर थांबतोस का?”

“थांबायचं कशाला?”

“बाळा, लोक उभे राहिले म्हणून मी लगेच आमेन म्हणतो का? मी रुमाल काढतो. घाम पुसतो. सावकाश घडी घालतो. त्यांना तिथेच लटकू देतो. देवाला काही घाई नसते.”

सामन्याच्या दिवशी अमोसने आधी आपल्या गड्यांना गोल बोलावून बजावलं, “मी वर गेलो तरी हलायचं नाही. चेंडू हलला की हला.” मग त्याने हाळी दिली. सूर वर नेला, अगदी आजोबांसारखा, आणि गप्प राहिला.

जेरिको उडाला. त्याच्या दोन्ही बाजूंचे उडाले. सगळेच्या सगळे रेषेपलीकडे, आणि चेंडू अजून बिस्किटच्या हाताखाली जमिनीवर. चेंडू हलायच्या आधी रेषा ओलांडली म्हणून शिट्टी वाजली, अमोसच्या बाजूला पाच यार्ड फुकट. पुढच्या वेळी परत तेच. तिसऱ्या वेळी तर प्रेक्षकांतल्या चर्चच्या बायकाही “आमेन!” म्हणत उभ्या राहिल्या आणि लाजून खाली बसल्या. मग बचावफळी इतकी बिचकली, की चेंडू खरोखर हलला तरी जागेवरच खिळून राहिली, आणि अमोसला हवं तिथे फेकायला सवड मिळाली.

“पास्टर, दया कर!” जेरिको गुडघ्यावर बसून म्हणाला.

कोल्बीने चेंडू चारदा सीमेपार पोचवला, अमोसने तीनदा. तरी संध्याकाळी कोचने अमोसला खोलीत बोलावलं.

“पहिला तू. समोरच्यांना नाचवणारा मला हवा होता. आता जा, माझा विचार बदलायच्या आत.”

अमोसने बाहेर येऊन टोपी काढली आणि दोन मिनिटं नुसता देवाचे आभार मानत उभा राहिला. मग वसतिगृहाकडे वळला, तर समोर कोल्बीची गाडी, मागचं दार उघडं, आत खोकी.

“अभिनंदन, सर,” कोल्बी म्हणाला. त्याचे डोळे लाल होते. “वडील म्हणतात, दुसरं कॉलेज बघू.”

अमोसला आधी वाटलं ते काही फार पवित्र नव्हतं. जाऊ दे याला, असंच वाटलं. सप्टेंबरपासूनचा सामन्यांचा मोसम सुखाचा जाईल. पण गेले पंधरा दिवस हीच खोकी त्याने मनातल्या मनात स्वतःसाठी भरली होती.

“कोल्बी, मी तीन वर्षं बसलो. तू तीन महिने बसून बघ.”

“राहिलो तर तुमची जागा घ्यायचा प्रयत्न करीन. रोज.”

“रोज कर. पण रविवारी चर्चला येत जा. ते सूर वर नेऊन थांबणं तुला शिकायलाच हवं.”

“आणि ते शिकलो तर?”

“तर माझी पंचाईत आहे,” अमोस म्हणाला आणि वाकून सर्वांत वरचं खोकं उचलून चालायला लागला. कोल्बी क्षणभर गाडीपाशीच उभा राहिला. मग त्यानेही एक उचललं आणि मागोमाग निघाला.

त्याची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. दुसऱ्या मजल्यावर अमोसला धाप लागली. “काय भरलंयस रे यात?”

“व्यायामाची वजनं आहेत,” कोल्बी खालून म्हणाला. “मी सांगणारच होतो.”