पेन्सिलीची टकटक

मित्रांनो, मी एक म्हातारी बोआ सापीण आहे. नाव ऐकून घाबरू नका. बोआ म्हटलं की लोकांना हरीण गिळणारं धूड आठवतं. मी जेमतेम दीड हात लांब, तांबूस पट्ट्यांची, बिनविषारी. ॲरिझोनातल्या युमा गावी, साप पाळणाऱ्या व्हर्लिन म्हाताऱ्याच्या प्लास्टिकच्या खणात माझा जन्म झाला. गाव वाळवंटात होतं, पण वाळवंट मी कधी पाहिलं नाही.

सापांच्या बाजारात योलांडाबाई आणि त्यांची लहानगी नायेली आमच्या टेबलापाशी आल्या. नायेलीला भलामोठा बोआ हवा होता.

"हो, आणू या! मग तो पलंगावर झोपेल आणि तू खाली," आई म्हणाली. "काका, पोरीला झेपेल असा दाखवा."

"मग ही न्या, ताई. वाढून वाढून एवढीशीच. चावत नाही, पंधरवड्याला एक मेलेला उंदीर दिला की झालं. नीट सांभाळलीत तर तीस वर्षं जगेल."

"बरंच झालं बाई! मागे मासा मेला तर आठवडाभर रडून घर डोक्यावर घेतलं होतं हिनं."

सगळे हसले. त्या तीस वर्षांचा विचार कोणीच केला नाही.

निघताना व्हर्लिनने नायेलीला बजावलं, "उचलण्याआधी हिच्या पाठीवर पेन्सिलीनं हळूच टकटक करायचं. म्हणजे हिला कळेल, उंदीर नाही, हात येतोय. मग ही हलणार नाही."

मी ते लवकर शिकले. टकटक झाली की मी निपचित पडायचे, आणि मग नायेलीचा ऊबदार हात यायचा. तिने माझं नाव कानेला ठेवलं, म्हणजे त्यांच्या भाषेत दालचिनी. शाळेतून आली की दप्तर फेकून ती आधी माझ्याकडे यायची. मित्रांनो, तेव्हा मी खरंच सुखी होते.

पुढे नायेली शिकायला फिनिक्सला गेली आणि तिथलीच झाली. योलांडाबाई सुरुवातीला चिमट्याने उंदीर टाकून लांब पळायच्या. "देवानं नातवंडाऐवजी साप दिला पदरात!" म्हणायच्या. मग हळूहळू तव्यावर तोर्तिया, म्हणजे त्यांच्या मक्याच्या पोळ्या, शेकता शेकता माझ्याशीच गप्पा मारू लागल्या. पेन्सिल तीच, टकटकही तीच. गेल्या हिवाळ्यात त्या वारल्या.

नायेली आली ती कडेवर बाळ घेऊन. नवऱ्याने स्पष्टच सांगितलं, "घरात एक तर बाळ राहील, नाहीतर साप." तिने साप पाळणाऱ्यांना खूप फोन केले. व्हर्लिन केव्हाच गेला होता. बाकीच्यांना नव्या नव्या रंगांची पिल्लं हवी होती. "म्हातारी? नको गं, जागा नाही," एवढंच उत्तर यायचं.

शेवटी एका सकाळी तिने मला गावाबाहेरच्या टेकडीवर सोडलं. "जा कानेला, हे तुझंच रान. उगाच कोंडलं आम्ही तुला," ती रडत म्हणाली. माझी जात मूळची याच वाळवंटातली; पण जात इथली म्हणजे सापही इथलाच, असं आमच्याकडच्या मायाळू माणसांना वाटतं. पण जिवंत उंदीर मी आयुष्यात पकडला नव्हता. इथे ते माझ्या तोंडासमोरून पळतात आणि मी चिमट्याची वाट पाहत राहते. आता माझ्या बरगड्या दिसू लागल्या आहेत.

मित्रांनो, तुम्ही एखादा छोटा जीव निवडाल, तेव्हा तो किती वाढेल हे जरूर विचारा. पण तो किती जगेल, आणि तेव्हा आपण कुठे असू, हेही विचारा. माझ्यासाठी आता उशीर झाला आहे.

ऊन वर आलंय. लांब शेपटीचा, टोकदार चोचीचा एक पक्षी धावत माझ्या दगडापाशी आलाय. काल त्याने एका सापाला टोचून टोचून मारलेलं मी पाहिलं. पळायला हवं, हे मला कळतं.

पाठीवर टकटक झाली. मी हलले नाही. आता हात येईल.