यादीचा मालक

आमच्या गोदामात पंपांचे सुटे भाग आत ठेवतात आणि अक्कल दाराबाहेर काढून ठेवतात.

रोज सकाळी साडेआठला प्रिंटरमधून यादी निघते. कोणत्या गाडीत काय चढवायचं ते तिच्यात असतं. हमालांकडून गाड्या भरून घ्यायचं काम माझं. यादीच्या वर एक मुखपान येतं. त्यावर तीनच ओळी: काम, वेळ, मालक. मालक म्हणजे ज्याच्या खात्यातून ती यादी निघते तो. रोज आपोआप निघणारी ही यादी सिस्टिममध्ये माझ्या बायकोने बसवलेली. ती इथेच ऑफिसात होती. त्यामुळे ती गेल्यावरही चार महिने, साडेआठच्या ठोक्याला, मालक म्हणून तिचंच नाव छापून येत होतं. यादी हमाल न्यायचे, मुखपान मी. मागे वाणसामान लिहायला बरं पडतं, असं सांगायचो. घरी गठ्ठा झालाय. एकाही पानामागे वाणसामान नाही.

मंगळवारी यादी आलीच नाही. आठ गाड्या दारात, आणि ड्रायव्हर हॉर्नवर बसलेले.

सिस्टिमवाला आला. नवीनच लागलेला. त्याने प्रिंटर बंद केला, चालू केला. कागद काढले, तेच कागद परत घातले. मग एवढं मोठं ऑपरेशन यशस्वी झाल्यासारखा म्हणाला, "काका, प्रिंटर ठणठणीत आहे."

"वा. मग गाड्यांत प्रिंटरच चढवतो."

त्याने स्क्रीनवर पाहिलं. "यादी तयार आहे हो, रांगेत अडकलीय. मालकाचं खातं काल बंद केलंय. आता त्यांनी स्वतः सोडायची, नाहीतर मालक बदलायचा. कोण आहेत या बाई? जरा बोलावून घ्या ना."

"चार महिने बोलावतोय. येत नाही."

"हां, राजीनामा दिलाय. इथे लिहिलंय तसं."

आस्थापना विभागाच्या कारकुनाकडे पर्याय तीनच होते: राजीनामा, निवृत्ती, बडतर्फी. चौथ्या तऱ्हेनेही माणूस जातो, हे कंपनीच्या ध्यानात आलेलं नव्हतं. त्यातल्या त्यात मानाचं निवडलं, उपकारच म्हणायचे.

"माझी बायको ती," मी म्हणालो. "वारली."

त्याचे हात कीबोर्डवरच राहिले. "सॉरी, काका."

तेवढ्यात साहेब धावत आले. "कुणाच्याही नावावर करा, पण गाड्या हलवा!" म्हणाले आणि धावतच गेले. साहेबांचं कामच तसं. सगळीकडे पोचायचं आणि कुठेही थांबायचं नाही.

"काका, असं करतो," सिस्टिमवाला हळूच म्हणाला. "आजच्यापुरतं त्यांचं खातं उघडून ही यादी सोडतो. शेवटचं पान त्यांच्या नावाचं येईल, ते तुम्ही ठेवा. उद्यापासून मालक तुम्ही."

पोरगं वाईट नव्हतं. मी हो म्हणणारच होतो, पण घड्याळाकडे लक्ष गेलं. नऊ चाळीस. मुखपानावर वेळही छापून येते. सहा वर्षांत तिच्या नावासोबत साडेआठशिवाय दुसरी वेळ आलेली नाही. स्वतःच्या ऑपरेशनच्या सकाळी तिने दवाखान्यातून फोन केला होता, "अहो, यादी निघाली का?" निघाली म्हटल्यावर मग आत गेली.

"ही काढून टाक," मी म्हणालो. "नवी कर. माझ्या नावावर."

"मग त्यांचं नाव कुठेच येणार नाही, काका."

"न येऊ दे. उशीर तिच्या नावावर नको. माझ्या नावावर आधीचेच ढीगभर आहेत, त्यात एक."

त्याने बटण दाबलं.

यादी निघाली. वेळ: नऊ बावन्न. मालक: मी. घरी कुणी चुकून मला मालक म्हटलं की ती विचारायची, "कशाचे?"

गाड्या गेल्या. मुखपान मी सवयीने खिशात घातलं. संध्याकाळी त्याच्या मागे खरंच वाणसामान लिहिलं. दोन ओळींत आटोपलं.