हाकेच्या अंतरावर

लॉरेलने अट घातली ती नाताळच्या जेवणात, बटाट्यांचं भांडं पुढे सरकवता सरकवता.

"आई, या हिवाळ्यात तू तळ्यावर एकटी बसणार नाहीस. हाकेच्या अंतरावर माणसं असली पाहिजेत. नसतील तर तुझं खोपटं किनाऱ्यावर आणायचं आणि विषय संपला."

हेल्मी कोस्केलाने बटाटे वाढून घेतले. लॉरेल दुलुथच्या एका रुग्णालयात नर्स होती आणि रुग्णांना जेवढ्या शांतपणे "आता जरा दुखेल" म्हणायची, तेवढ्याच शांतपणे घरीही बोलायची. त्या आवाजापुढे कुणाचं काही चालत नसे. शिवाय तिचं चुकत होतं असंही नाही. हिवाळ्यात तळं गोठलं, की हेल्मी बर्फावर खोपटं टाकून आणि बर्फाला भोक पाडून मासे धरत बसायची. गेल्या हिवाळ्यात ती बर्फावर घसरली, तिचं मनगट मोडलं, आणि कुणाच्या लक्षात येईपर्यंत ती खोपट्यात बसून दुसऱ्या हाताने मासे पकडत राहिली. मासे पकडण्याचा भाग तिने लेकीला सांगितला नव्हता. तिला घरी आणणाऱ्याने तो आवर्जून सांगितला.

"ये कधीही आणि बघ," हेल्मी म्हणाली. "हाक मारून दाखवीन."

"येईनच," लॉरेल म्हणाली.

अडचण अशी होती, की हेल्मी जिथे बसायची तिथे हाकेच्या अंतरावर चिटपाखरू नसे, आणि ते नसावं यासाठी तिने आयुष्यभर खटपट केली होती. टॅमरॅक बे गावासमोर, भूशिराच्या पलीकडे, तळ्याच्या पोटात एक खडक होता. वरून काहीच कळायचं नाही. सगळीकडे सारखाच पांढरा बर्फ. पण गिरमिटाने भोक पाडून गळ सोडला, की चार हात खोलीवरच खडकाचं डोकं लागायचं, आणि उन्हं कलली की वॉलआय मासे त्या खडकावर चढून यायचे. आजूबाजूला दूरवर नुसता चिखल. हेल्मीच्या नवऱ्याला, आर्वोला, तो खडक सापडला होता लग्नाच्या आदल्या हिवाळ्यात, आणि तिला मागणी घालताना त्याने तो दाखवला होता. अंगठी नंतर आली.

आता लोक बोलवावेत तर खडक जातो, आणि न बोलवावेत तर तळं जातं. हेल्मीने हायस्कूलमध्ये जीवशास्त्र शिकवलं होतं, त्यामुळे एखाद्या प्राण्याला हवं तिथे न्यायचं तर त्याला ढकलायचं नसतं, हे तिला ठाऊक होतं. त्याला काय खायला आवडतं ते पाहायचं. आणि टॅमरॅक बेच्या माणसांना सगळ्यात काय आवडत असेल, तर दुसऱ्याने लपवलेली जागा.

या गावात मासे कुठे लागले हे कुणी कुणाला विचारत नाही. विचारणं असभ्य, सांगणं मूर्खपणाचं. लोक फक्त बघतात. कुणाच्या घसरगाडीचा माग किती खोल उमटलाय, कुणाच्या भोकाभोवती खवले पडलेत, कोण संध्याकाळी जरा जास्तच निवांत चालतोय. आणि कुणी तोंडाने काही सांगितलंच, तर ते उलटं करून वाचायचं, हे पोरंसुद्धा जाणतात.

नवीन वर्ष लागलं तशी हेल्मी कामाला लागली. खडकापासून हाक सहज पोचेल अशा ठिकाणी, जिथे खाली चिखलावाचून काही नव्हतं, तिथे तिने कापडी तंबू ठोकला. घसरगाडीवर सौनाचे, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरातले, दगड भरून ती तिथून किनाऱ्यापर्यंत ओढत आणली, म्हणजे माग चांगला खोल उमटला. फ्रीझरमधला एक जुना वॉलआय साफ करून त्याचे खवले तिने भोकापाशी शिंपडले. मग फरच्या झाडाची फांदी घेऊन ते झाडून टाकले. सगळे नाही, थोडे राहू दिले. जुन्या विद्यार्थ्यांची तिला पारख होती. समोर ठेवलेलं उत्तर त्यांनी कधी उतरवून घेतलं नव्हतं. शेजारच्याने हाताने झाकलेलं मात्र हमखास.

दुसऱ्या दिवशी आमिषाच्या दुकानात ऑर्डेल स्टेनरुड तिच्याच मागे उभा राहिला. ऑर्डेल निवृत्त पोस्टमास्तर. गावातली पत्रं त्याने कधी उघडली नाहीत, पण पाकिटं बारकाईने पाहिली, आणि आता तोच उद्योग तो तळ्यावर दुर्बीण घेऊन करायचा.

"काय गं हेल्मी, यंदा जागा बदललीस म्हणे."

"हो, तंबू टाकलाय एक."

"मग? आहे का काही तिकडे?"

"काही नाही रे. चिखल आहे," हेल्मी म्हणाली. हे शंभर टक्के खरं होतं.

ऑर्डेलने दुकानवाल्या मर्नाकडे पाहिलं. मर्नाने छताकडे पाहिलं. दुपारपर्यंत ऑर्डेलचं हिरवं खोपटं हेल्मीच्या तंबूशेजारी उभं होतं.

मग तिचा जुना विद्यार्थी डेल आला, त्याच्यामागून त्याचा मेव्हणा. लूथरन चर्चमधल्या तीन बायका गुलाबी रंगाचं, खिडक्यांना पडदे असलेलं खोपटं घेऊन आल्या. आठवडा उलटला नाही तोच तिथे एक वस्ती उभी राहिली, मध्ये वाट पडली, आणि कुणीतरी त्या वाटेला नाव देऊन पाटीसुद्धा ठोकली. हेल्मीने तंबू गुंडाळला आणि आपलं लाकडी खोपटं नेहमीसारखं खडकावर नेऊन ठेवलं. जाताना ती एवढंच म्हणाली, की गर्दी फार झाली बाई, मला शांतता लागते.

झालं असं, की लोकांना वाईट वाटलं. म्हातारीला तिच्याच जागेवरून हुसकावलं, आता बिचारी लांब उघड्यावर रिकामी बसते. चर्चच्या बायकांनी तिला ओव्हनमध्ये भाजलेलं गरम कॅसरोल पाठवलं. डेलने लाकडं फोडून दिली. ऑर्डेल तिच्याकडे दुर्बिणीतून पाहीनासा झाला, आणि त्याच्यासारख्या माणसाकडून ही फार मोठी भेट होती. हेल्मीला थोडी लाज वाटली. कॅसरोल मात्र चांगलं होतं, आणि खडकावर वॉलआय रोज येत होते. ते ती कोटाच्या आत दडवून घरी न्यायची.

जानेवारी संपता संपता एका दुपारी तिला वस्तीतून हसण्याचा आवाज आला. मग पुन्हा. ती सहज पाय मोकळे करायच्या निमित्ताने तिकडे गेली, तर ऑर्डेलच्या बादलीत पिवळे, पट्टेदार, वीतभर लांब, जाडजूड पर्च मासे तळापासून काठापर्यंत.

हेल्मी बादलीकडे बघत राहिली. अर्थात. हिवाळा अर्धा सरला, की चिलटांच्या लाल अळ्या चिखलातून वर निघतात आणि पर्चचे थवे त्या चरायला येतात. हे ती दरवर्षी फळ्यावर काढून दाखवायची. चिखल काढायची, अळ्या काढायची, वर मासा काढायची, आणि मागच्या बाकावरच्या डेलला विचारायची, की सांग, मासा इथे कशाला आला? डेलला तेव्हा सांगता आलं नव्हतं. आता तो शिट्टी वाजवत बादल्या भरत होता.

"तू चिखल म्हणालीस तेव्हाच मी ओळखलं," ऑर्डेल हळूच म्हणाला. त्याच्या डोळ्यांत खरोखरीचा आदर होता.

पुढच्याच रविवारी लॉरेल आली. दिवस लख्ख होता, वारा नव्हता, आणि नाकातले केस गोठत होते. हेल्मी मुद्दाम खोपट्याबाहेर, उघड्या भोकापाशी उपड्या बादलीवर बसली होती, म्हणजे वस्ती लेकीच्या नजरेत भरावी. लॉरेलने खोपटी मोजली, अंतराचा अंदाज घेतला, आणि तिचा चेहरा जरा सैलावला.

"बरीच माणसं आहेत की."

"मी काय सांगत होते?"

"मार हाक."

हेल्मी उठली आणि तिने हाक मारली. अशा थंडीत तळ्यावर आवाज लांब जातो. बर्फालगतची हवा वरच्यापेक्षा गार असली, की तो वर न निसटता खालीच वाकून येतो. हाक वस्तीत पोचली यात शंका नव्हती, कारण ऑर्डेलने मान वर केली. त्याने हात हलवला, अगदी प्रेमाने. मग त्याच्या गळाची काठी वाकली आणि तो खाली बसला.

"पुन्हा," लॉरेल म्हणाली.

हेल्मीने पुन्हा हाक मारली, या वेळी "धावा" असंही म्हणाली. गुलाबी खोपट्यातून एक बाई डोकावली, तिनेही हात हलवला आणि पडदा ओढून घेतला. पर्च लागत होते. ते असे एकदा लागले, की कुठल्या क्षणी थांबतील याचा नेम नसतो, आणि तेवढ्या वेळात बर्फ फाटला असता तरी त्या माणसांनी आधी गळ सावरला असता. हेल्मीला त्यांचा रागही येईना. तीही उठली नसती.

लॉरेलने हातमोजे नीट ओढले आणि खोपट्याखालच्या, बर्फावर घसरणाऱ्या पट्ट्यांकडे पाहिलं. लेक दोर कुठे बांधायचा ते बघत होती.

"डेलचा ट्रक मिळेल ना? आजच ओढून नेऊ," लॉरेल म्हणाली. आता जरा दुखेल, तसं.

नेमका तेव्हाच गळ ओढला गेला. हेल्मीचे हात डोक्याच्या आधी चालले. दोरा हातावर घेत घेत तिने मासा वर आणला. वॉलआय, तिच्या कोपरापासून बोटांपर्यंत भरेल एवढा, बर्फावर येताच तडफडायला लागला. आणि आयुष्यभराच्या सवयीने तिने वस्तीकडे पाठ केली, कोट काढून माशावर टाकला आणि खांद्यावरून चोरून मागे पाहिलं.

वस्तीतली सगळी डोकी तिच्याकडे वळली होती.

हेल्मी क्षणभर थांबली. खडक की तळं, असा हिशेब होता, आणि खडक तर तळ्याच्या आतच होता. तळंच गेलं तर खडक काय उशाला घ्यायचा? आर्वोनेही हेच म्हटलं असतं, जरा शिव्या घालून.

"बस या बादलीवर," ती लेकीला म्हणाली. "पाय फाक. आता हा कोट धर असा, दोन्ही बाजूंनी. आणि काही झालं तरी मागे बघू नकोस."

"आई, काय चाललंय?"

"तुला माणसं हवी होती ना?"

कोट नीट पसरून हेल्मी त्याच्यासमोर उभी राहिली, पुन्हा एकदा चोरून मागे पाहिलं, आणि घाईघाईने बुटाने बर्फ सारून माशाचा ओला माग बुजवू लागली. तिकडे दारं आपटली. डेलची बर्फावर चालणारी स्नोमोबिल सुरू झाली. गुलाबी खोपट्यातल्या तिघी एकमेकींना धरून पळत निघाल्या, काठ्या तशाच भोकात सोडून. सगळ्यांच्या पुढे ऑर्डेल, खांद्यावर गिरमिट, गुडघ्याचं दुखणं विसरलेला. बघता बघता अख्खी वस्ती कोटाभोवती येऊन धापा टाकत उभी राहिली.

"काही मदत हवी का?" ऑर्डेलने विचारलं, आणि गिरमिटाचं टोक बर्फावर टेकवलं.

कोटाखाली मासा बादलीवर शेपूट आपटत होता. ठक. ठक.

हेल्मीने तोंड उघडलं. ती आता खरं सांगणार होती. काय ते एकदा होऊन जाऊ दे. पण लॉरेल आधी बोलली. तिची मान खाली होती आणि गाल लाल झाले होते, थंडीने की कशाने ते सांगता येत नव्हतं.

"मिस्टर स्टेनरुड," ती म्हणाली, "इथे कुठे बाथरूम नाही."

ऑर्डेलची नजर कोटावरून बर्फावर घसरली.

"दुलुथपासून गाडी चालवत आलेय, त्यात दोन कप कॉफी झाली. मला थांबवेना. म्हणून आईने आडोसा धरला." कोटाखालून पुन्हा ठक असा आवाज आला, आणि लॉरेल पापणीही न लववता म्हणाली, "माझं अजून व्हायचंय."

डेल उत्तरेला, कॅनडाच्या दिशेने पाहू लागला. त्याच्या मेव्हण्याने टोपी डोळ्यांवर ओढली. ऑर्डेलने गिरमिट असं उचललं, की जणू ते दुसऱ्या कुणाचं होतं आणि चुकून त्याच्या हातात आलं होतं. तो काहीतरी पुटपुटला, त्यात "माफ करा" होतं आणि हवामानाबद्दलही काही होतं. चर्चच्या बायकांपैकी एकीने जाता जाता हेल्मीचा दंड दाबला आणि कानात सांगितलं, की आमच्या खोपट्यात झाकणाची बादली आहे, पोरीला खुशाल पाठव. मग सगळे वळले आणि मागे न बघता, जरा जास्तच वेगाने, वस्तीकडे चालू लागले.

ते बरेच लांब जाईपर्यंत लॉरेल तशीच बसून राहिली. मग तिने कोट बाजूला केला. वॉलआयने तिच्या चांगल्या पॅन्टवर खवले उडवले होते. ती माशाकडे बघत राहिली, आणि हेल्मीला तिच्या चेहऱ्यावर असं काही दिसलं, जे ती दहा वर्षांची असताना, शेजारच्यांच्या सौनाच्या चिमणीत बर्फाचा गोळा टाकून आली होती तेव्हा दिसलं होतं.

"बाबांची जागा हीच ना?" तिने विचारलं.

"हीच."

"तुम्ही मला कधीच दाखवली नाहीत."

"तू खोटं बोलत नव्हतीस ना कधी," हेल्मी म्हणाली. "कुणी विचारलं असतं तर सांगून टाकलं असतंस."

लॉरेलने उठून गळाला नवं आमिष लावलं, जरा चुकीच्या बाजूने, आणि हेल्मीने ते दुरुस्त केलं नाही. वस्तीत पुन्हा दारं लागली होती आणि कुणीतरी ओरडून सांगत होतं, की काठ्या गेल्या, काठ्या पाण्यात गेल्या.

"खोपटं राहू दे," लॉरेल शेवटी म्हणाली. "पण ऐक आई, काही झालं तर हाका मारत बसू नकोस. कोट पसर."